आजीची गोष्ट स्टेजवर अडकली, आता पुढे काय?

बार्शीहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 26, मेडिकलच्या दुकानात कामाला. पत्र मोठं आहे म्हणून थोडक्यात देते:

"ताई, माझी आजी गोष्टी सांगायची आणि आख्खी गल्ली ऐकायला यायची. ती गेल्यावर बहिणीच्या पोरांना तिच्याच गोष्टी मी सांगायला लागलो, पोरं रोज मागं लागतात. ते बघून आमच्या मंडळानं यंदा गणपतीत मला स्टेजवर गोष्ट सांगायला लावली. आवडती-नावडतीची गोष्ट मी नीट वहीत लिहून काढली, पंधरा दिवस पाठ केली, आणि स्टेजवर अर्ध्यातच ब्लँक झालो. एक शब्द आठवेना. माईक देऊन खाली उतरलो. आता दुकानात गिऱ्हाईकपण विचारतं, पुढं काय झालं गोष्टीत. पण मला हे मनापासून करायचंय. एक ऑनलाइन कोर्स आहे आठ हजाराचा, तो करू का? का गोष्ट सांगणारा जन्मालाच यावा लागतो? आणि यावर पोट भरतं का?"

मित्रा, तू मला ताई म्हणालास म्हणून मी पण सरळ तू म्हणते.

पहिल्यांदा त्या स्टेजचं बोलू, कारण तेच डोक्यात बसलंय तुझ्या. भाच्यांना तू तीच गोष्ट रोज सांगतोस, तिथे कधी अडकला नाहीस, मधे पोरगं शू करायला उठलं, कुणी कुणाला चिमटा काढला तरी तू परत बरोबर जागेवर येतोस, म्हणजे गोष्ट तुला येते हे नक्की. मग स्टेजवर वेगळं काय होतं? लोक जास्त होते, माईक होता, हे आहेच, पण माझं लक्ष तुझ्या पत्रातल्या दुसऱ्याच वाक्यावर गेलं, की तू ती "नीट लिहून काढली". मला जवळजवळ खात्री आहे की लिहिताना आजीचं "राजा म्हनला, जा तकडं" याचं तू "राजाने आज्ञा केली" असं काहीतरी केलं असणार. शाळेत आपल्याला तसंच शिकवलंय ना, वहीत लिहायचं म्हणजे पुस्तकासारखं लिहायचं. म्हणजे जी गोष्ट तुला कानातून मिळाली होती, घरच्या बोलीत, आजीच्या श्वासासकट, ती बाजूला राहिली आणि तू स्टेजवर एक निबंध घेऊन गेलास. आणि पाठ केलेल्या निबंधाचं असंच असतं, एक शब्द निसटला की त्याच्या मागचे सगळे निसटतात, कारण तिथे पुढचा शब्द फक्त मागच्या शब्दाला धरून असतो. गोष्टीत पुढचं कशाला धरून असतं? तर राणीला आता भूक लागलीय, पोर रडतंय आणि घरात दाणा नाही, याला. ते कसं विसरशील?

तोंडी गोष्ट सांगणारे ती शब्दाशब्दाने लक्षात ठेवत नाहीत, हे अभ्यास करूनही बघितलंय लोकांनी. 1933 ते 35 या काळात मिलमन पॅरी नावाचा एक अमेरिकन प्राध्यापक तेव्हाच्या युगोस्लाव्हियात फिरला. तिथले गायक गुसले नावाचं एका तारेचं वाद्य वाजवत लढायांच्या, लग्नांच्या लांबच लांब कथा गायचे, रात्र रात्र. त्यातला सगळ्यात मोठा निघाला अव्दो मेजेदोविच, आजच्या माँटेनिग्रोमधला, धंदा खाटकाचा, लिहिता-वाचता येत नव्हतं. पॅरीने एक युक्ती केली. दुसऱ्या एका गायकाला अव्दोसमोर अशी कथा गायला लावली जी अव्दोने आधी कधी ऐकलीच नव्हती, आणि ती संपल्यावर अव्दोला म्हणाला, आता तू गा. पहिल्या गायकाची कथा 2,294 ओळींची होती. अव्दोने एकदा ऐकून तीच कथा गायली, ती झाली 6,313 ओळींची. माणसं तीच, घटना त्याच, पण प्रत्येक माणसाच्या मनात काय चाललंय, घोडा कसा सजवला, निरोप घेताना कोण काय बोललं, हे सगळं त्याने स्वतःचं भरलं. गंमत म्हणजे त्या भागातले गायक शपथेवर सांगायचे की आम्ही ऐकलं तसंच, अक्षर न् अक्षर तेच गातो. रेकॉर्डिंग लावून बघितलं तर दर वेळी शब्द वेगळे. ते खोटं बोलत नव्हते बरं, त्यांच्या लेखी "तेच" म्हणजे तीच गोष्ट.

आणि हे आपल्याकडे बघायला लांब कशाला जायचं. कोकणात सिंधुदुर्गात, तिकडे गोव्यात दशावतार होतो, रात्रभर चालतो, आणि त्याला परंपरेने लिहिलेली संहिताच नसते. तोंडाला रंग लावता लावता ठरतं की आज कुठलं आख्यान, कोण राजा, कोण राक्षस, कोण स्त्रीपार्ट करणार, प्रसंग कुठल्या क्रमाने येणार, बस, एवढ्यावर माणसं पहाटेपर्यंत बोलतात, भांडतात, रडवतात. पेटीवाला आणि मृदंगवाला पण त्यांच्या तोंडाकडे बघून वाजवतो. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत, त्यांच्याकडे रामायण-महाभारतातल्या प्रसंगांच्या चित्रांच्या पोथ्या असतात, सुट्ट्या कागदांच्या, एकेक चित्र पुढे धरायचं आणि गात गात सांगायचं. तिथल्या परशुराम गंगावणेंना 2021 ला पद्मश्री मिळाली ते वाचलं असशील. मला त्या पोथीचं फार वाटतं. गोष्टीचा क्रम चित्रांनी धरून ठेवलेला असतो आणि शब्द त्या त्या दिवशी, त्या त्या माणसाच्या तोंडून येतात.

तुझी नावडतीची गोष्ट पण अशीच चित्रांत बसव. वही बंद. डोळे मिटून बघ, पहिलं चित्र काय? राजवाड्यात दोन राण्या, एक सोन्याच्या ताटात जेवते, दुसरी गुरांच्या गोठ्याशेजारी शिळं खाते. दुसरं, नावडतीला मूल होणार हे कळतं तेव्हाचं. तिसरं, आवडतीचा डाव. असं करत तुझ्या आजीच्या गोष्टीत सहा-सात मुक्काम निघतील, जास्त नाही. एवढेच धरायचे. एका मुक्कामावरून दुसऱ्यावर तू आज या रस्त्याने जाशील, उद्या त्या. पाठ करायच्या त्या फक्त तीन-चार जागा, पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, आणि गोष्टीत जे परत परत येतं ते, म्हणजे आजी जे दर वेळी त्याच सुरात म्हणायची, पोपटाचं बोलणं असेल, राक्षसाचं "माणूसघाण येते" असेल. त्या ओळी सांगणाऱ्याला दम घ्यायला असतात, तोंड आपोआप चालतं आणि तेवढ्यात डोकं पुढचा मुक्काम गाठतं. श्रावणातल्या कहाण्या बघ, आटपाट नगर होतं, तिथे एक गरीब ब्राह्मण होता, आणि शेवटी साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. दोन टोकं घट्ट बांधलेली, म्हणून तर शाळेचं तोंड न बघितलेल्या बायकांनी त्या पिढ्यान् पिढ्या चालवल्या.

आता जन्माचं. हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो कारण इथे फार लोक चुकीचं ऐकून गप्प बसतात. गोंधळ्याचा मुलगा गोंधळी होतो, कीर्तनकाराच्या घरात कीर्तनकार निघतो, हे आपण बघतो आणि म्हणतो की रक्तातच असतं. पण तो मुलगा नेमकं काय करत मोठा होतो ते बघ. तो मागे उभा असतो. गोंधळात नाईक पुढे आख्यान लावतो, एक जण संबळ वाजवतो, एक तुणतुण्यावर, आणि त्यांच्यातलाच कुणीतरी मधे मधे "मंग?" विचारतो, उलटसुलट शंका काढतो, हसवतो. पोरगा आधी दिवटीला तेल घालतो, मग तुणतुणं धरतो, मग मागून सूर देतो, मग ते "मंग" विचारायचं काम त्याच्याकडे येतं. ते दिसतं सोपं, पण कुठे विचारायचं हे कळायला गोष्ट पुढे कुठे चाललीय ते आधी कळावं लागतं. शाहिराच्या मागे झीलकरी असतात, जी जी रं जी म्हणत, शाहिराला श्वास घ्यायला जागा करून देतात. वारकरी कीर्तनात टाळकरी मागे ओळीने उभे राहतात, तास-दोन तास, अभंगाचं चरण उचलतात, चाल धरतात, आणि बुवा कुठल्या प्रमाणावरून, म्हणजे आधाराला घेतलेल्या ओवी-अभंगावरून, कुठल्या दृष्टांताला गेले हे त्यांच्या पाठीमागून बघत राहतात. आळंदीला विष्णुबुवा जोगांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे चार वर्षांचा अभ्यास आहे, ज्ञानेश्वरी, गाथा, सगळं, पण तिथल्याही पोराला आधी टाळ धरून उभं राहावंच लागतं, पुढे जायची घाई चालत नाही. धनगरांच्या ओव्यांत सुद्धा बघ, बिरोबाची कथा एक जण पुढे म्हणतो आणि बाकीचे ओळ झेलतात, अख्खी रात्र. ते गुसलेवाले गायक पण असेच, आधी कित्येक वर्षं कोपऱ्यात बसून नुसतं ऐकणं, मग एकट्याने, कुणी नसताना गाऊन बघणं, आणि लोकांसमोर सगळ्यात शेवटी.

म्हणजे त्या घरात जन्मल्याने जे मिळतं ते गळा नाही रे, मागची जागा मिळते. पुढे उभं राहायच्या आधीची पाच-दहा वर्षं मिळतात, ज्यात चुकलं तरी कुणी बघत नाही. तुला तशी वर्ष-दोन वर्षं सुद्धा मिळाली नाहीत, मंडळाने तुला घरातून उचलून थेट स्टेजवर उभं केलं. बाकी कसलीच कमी मला तुझ्यात दिसत नाही. आणि थोडी जागा तर तुला मिळालीच होती, आजीच्या गोष्टीला हं हं म्हणायला तू होतास ना रोज? पोराने हुंकार दिला नाही तर आजी गोष्ट थांबवायची, झोपलास का रे म्हणायची, बहुतेक घरांत असंच होतं. तेवढ्यावरच तू आज भाच्यांना धरून ठेवतोस.

तेव्हा माझा सल्ला एकच आहे, मागची जागा शोध. आणि तू बार्शीत आहेस, म्हणजे नशीबवान आहेस. एकीकडे तुळजापूर, एकीकडे पंढरपूर, गावात भगवंताचं देऊळ. आजूबाजूच्या गावांत हरिनाम सप्ताह बसतात, तिथे टाळ धरून मागे उभं राहायला कुणी नाही म्हणत नाही, चाल येत नसेल तर शेजारचा शिकवतो. तुला कीर्तनकार व्हायचं नसलं तरी जा. आख्यानात बुवा कुठे आवाज खाली आणतात, हसवून झाल्यावर लगेच रडवतात की मधे थांबतात, म्हातारी माणसं पेंगायला लागली की काय करतात, हे समोर बसून कळत नाही, मागून कळतं, कारण मागून बुवा जे बघतायत तेच तुला दिसतं, म्हणजे ऐकणाऱ्यांची तोंडं.

गोंधळी, वाघ्या-मुरळी यांच्याकडे जायचं असेल तर मात्र जरा सांभाळून. जागरण-गोंधळ हा लोकांचा कुळाचार आहे आणि त्या माणसांचं पोट त्यावर आहे. कुणाच्या लग्नानंतर गोंधळ असेल तर घरच्यांना आणि नाईकाला विचारून बस, शेवटपर्यंत बस, ओवाळणीत पैसे टाक. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं तर आधी परवानगी, आणि ते आख्यान उचलून उद्या आपल्या नावावर स्टेजवर करायचं नाही. त्यांच्याकडून गोष्ट घ्यायला नको जाऊस, सांगायची रीत बघायला जा. गोष्टी तुझ्याकडे आजीच्या आहेत.

त्या पण सगळ्या नसतील, मला माहितीये, माणूस गेल्यावरच लक्षात येतं की अमक्या गोष्टीचा मधला भाग कुणालाच येत नाही. पण आजीला ऐकणारा तू एकटा नव्हतास, तूच लिहिलंयस की गल्ली यायची. आत्या असेल, शेजारच्या काकू असतील, आजीची एखादी बहीण असेल माहेरच्या गावी. त्यांच्याकडे जा आणि "आजीच्या गोष्टी सांगा" असं म्हणू नकोस, तसं म्हटलं की बायका म्हणतात मला कुठं काय येतंय. तू स्वतः सांगायला सुरुवात कर आणि मुद्दाम नाही, खरोखरच जिथे तुला येत नाही तिथे थांब. त्या आपोआप बोलतील, "आरं तसं नव्हतं ते, आधी सुईण येती की". जात्यावरच्या ओव्या अशाच जमल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी आणि त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या गावोगावच्या बायकांनी मिळून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या महाराष्ट्रातून, आणि त्या ओव्या म्हणणाऱ्या बायकांपैकी कुणीही स्वतःला कलाकार म्हणवत नव्हतं. एकीने ओळ टाकली की दुसरीला पुढची सुचायची. तुझ्या आत्याच्या पोटात काय काय असेल ते तिला स्वतःला माहीत नसेल. हे काम लवकर कर, बाकी सगळं थांबलं तरी चालेल, हे थांबवू नकोस.

कोर्सचं विचारलंस. तो कोर्स मी बघितलेला नाही, पण आठ हजार ही तुझ्या पगारात मोठी रक्कम आहे म्हणून बोलते. आवाज कसा लावायचा, श्वास, माईक किती लांब धरायचा, हे शिकवण्यासारखं आहे आणि कुणीही नीट शिकवलं तर उपयोग होतोच. पण ऑनलाइन कोर्समध्ये बाकीचे शिकणारे चौकोनात म्यूट होऊन बसलेले असतात, तुझ्या गोष्टीला हं म्हणणारं कुणी नसतं, आणि तुला नेमकं तेच हवंय. त्या पैशात एसटीने पंधरा सप्ताह फिरून येशील. पुढे कधी पद्धतशीर शिकावंसं वाटलं तर मुंबईत दादरला कीर्तन संस्था आहे, तिथे नारदीय कीर्तनाचे वर्ग चालतात, पूर्वरंगात विषय मांडायचा आणि उत्तररंगात आख्यान लावायचं, अशी त्या कीर्तनाची बांधणी असते. गोष्ट मुद्द्याला कशी जोडायची ते त्यात फार छान कळतं. पण ते नंतर.

पोटाचं खरं सांगते. मराठीत कथाकथन ज्यांनी गावागावात नेलं त्या तिघांकडे बघ, व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार. तिघं मिळून कार्यक्रम करायचे, गावोगाव, लोक तुडुंब. त्यातले माडगूळकर पुणे आकाशवाणीत नोकरीला, शंकर पाटील शिक्षण खात्यात आणि पाठ्यपुस्तकांच्या कामात, मिरासदार मराठीचे प्राध्यापक. मिरासदार तर तुझ्याच जिल्ह्यातले, अकलूजचे. व. पु. काळ्यांच्या कथाकथनाच्या कॅसेट घराघरात वाजायच्या आणि ते मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट होते. लक्ष्मण देशपांडे एकटे उभे राहून 52 पात्रं करायचे, गिनेस बुकात नाव गेलं, आणि औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसांनी सुद्धा नोकरी धरून हे केलं. तेव्हा मेडिकल सोडू नकोस. शिवाय दुकानात दिवसभर जी माणसं येतात, कुणाचा बाप दवाखान्यात, कुणाला बाळ झालंय, कुणी गोळीची किंमत ऐकून अर्धीच पट्टी द्या म्हणतं, ती कशी बोलतात ते ऐक. मिरासदारांच्या, पाटलांच्या गोष्टीतली माणसं अशी ऐकूनच आलेली आहेत. पुढे शाळा बोलावतील, वाचनालय बोलावेल, थोडं मानधन मिळेल, ते घ्यायला लाजू नकोस.

आणि एकच गोष्ट खूप जणांना सांग. नव्या नव्या गोष्टी शोधत बसू नकोस इतक्यात. तीच नावडतीची, भाच्यांना, मग त्यांच्या वर्गातल्या पोरांना, मग पारावरच्या म्हाताऱ्यांना, मग तुझ्याच वयाच्या दोस्तांना, जे मधेच फालतू बोलतील. प्रत्येक वेळी ती वेगळी होईल. पोरांना राक्षस जास्त लागेल, म्हाताऱ्या बायका नावडतीच्या बाळंतपणापाशी थांबवतील, दोस्तांना राजाचा राग येईल आणि ते विचारतील की बायकोला गोठ्यात टाकणाऱ्या राजाचं शेवटी भलं का होतं. या प्रश्नाला तुझ्या आजीकडे उत्तर होतं का? नसेल तर तुला शोधावं लागेल, आणि ते शोधलंस की ती गोष्ट तुझी पण झाली. मोबाईलवर रील करून टाकायचा मोह होईल, सगळे करतात, पण निदान वर्षभर नको. कॅमेरा कंटाळला तरी तोंड वाकडं करत नाही, आणि कुठे कंटाळा आला हे कळल्याशिवाय सांगणारा सुधारत नाही.

मंडळाचं राहिलं. पुढच्या वर्षी ते विचारणार नाहीत असं तुला वाटतंय, तर तूच आधी जा आणि मागून घे, पण तुझ्या अटींवर. रात्रीच्या कार्यक्रमात, ऑर्केस्ट्राच्या आधी पंधरा मिनिटं असं नको. दुपारी मांडवात पोरं नुसती खेळत असतात तेव्हाची वेळ माग. स्टेज नको, सतरंजीवर बसून. लाइट डोळ्यांवर नको, ऐकणाऱ्यांची तोंडं दिसली पाहिजेत. भाच्यांना पहिल्या ओळीत बसव आणि सांगून ठेव की हं म्हणायचं, आणि मामा अडकला तर मोठ्याने विचारायचं, मग काय झालं. आणि गिऱ्हाईक आता विचारतंय ना गोष्टीत पुढं काय झालं? त्यांना सांग की मग. काउंटरवर गर्दी नसेल तेव्हा, गोळ्यांची पिशवी बांधता बांधता, जिथे अडकला होतास तिथून पुढे.